धरलेली पाठ पुन्हा वजनाखाली नेताना

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव निघाले की सूर्यनमस्कार आठवतात. त्याआधी जवळजवळ दहा वर्षे ते सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. युजेन सँडो हा प्रशियात जन्मलेला आणि लंडनमध्ये नाव काढलेला बलभीम. त्याचे डंबेल्स, स्प्रिंगा आणि पुस्तके तेव्हा जगभर जात होती. 1904-05 मध्ये तो स्वतः हिंदुस्थानच्या दौऱ्यावरही येऊन गेला. बाळासाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे सगळे साहित्य मागवले आणि नियमाने वापरले. पुढे 1908च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते नमस्कारांकडे वळले. 1909 मध्ये ते गादीवर आले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार रोजचे झाले. 1938 मध्ये त्यांच्या पद्धतीवरचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये निघाले.

या माणसाकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे मात्रा. रोज करायचे, ठरलेल्या क्रमाने करायचे, संख्या हळूहळू वाढवायची आणि वर्षानुवर्षे टिकवायचे. आज जुन्या औंध संस्थानच्या मुलखात आणि आसपास, म्हणजे साताऱ्यातल्या औंधपासून सांगलीतल्या कुंडल-आटपाडीपर्यंत, वजने पुन्हा आली आहेत. वडूज, विटा, आटपाडी अशा तालुक्याच्या गावांत जिम आहेत. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरे तिथे डेडलिफ्ट आणि स्क्वॉट मारतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण वजन वाढवण्याच्या घाईत पाठ धरलेली पोरेही आता गावोगाव भेटतात. त्यातला एखादा महिनाभर अंथरुणाला खिळतो, दुसरा पट्टा आवळून आठवड्यात पुन्हा बारखाली जातो. दोघांचेही चुकते. दुखावलेली पाठ बहुतेक वेळा बरी होते. ती बरी होते मोजूनमापून दिलेल्या भाराने.

पाठीत नेमके काय दुखावते

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिला डॉक्टर चकती म्हणतात. तिची रचना पुरणपोळीसारखी असते : बाहेर चिवट तंतूंच्या वर्तुळाकार थरांची पारी आणि आत पाणीदार, मऊ गर. वजन सरळ वरून आले तर ही गादी फार मोठा भार सोसते. पण कंबर वाकलेली असताना भार आला की आतला गर मागच्या बाजूला दाबला जातो. असे शेकडो वेळा झाले की मागच्या थरांना चिरा पडत जातात. एखाद्या दिवशी गर त्या चिरेतून बाहेर फुगतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला टेकतो. मग कळ कुल्ल्यातून मांडीत, पोटरीत, कधी पावलापर्यंत उतरते. हीच सायटिका. कमरेतल्या बहुतेक चकत्या खालच्या दोन पातळ्यांवरच दुखावतात, कारण सगळ्यात जास्त भार आणि सगळ्यात जास्त वाकणे तिथेच असते.

प्रत्येक दुखणे चकतीचे नसते. वजन उचलताना ‘कट’ झाले आणि कंबर लाकडासारखी ताठली, पण कळ पायात उतरली नाही, तर बहुधा स्नायू किंवा अस्थिबंध ताणलेला असतो. आपण त्याला उसण भरली म्हणतो. ही उसण काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत उतरते. तिसरा प्रकार पंधरा ते वीस वयाच्या मुलांमध्ये सापडतो. कंबर मागे फार वाकवून वजन डोक्यावर नेले, तेच पुन्हा पुन्हा केले, की मणक्याच्या मागच्या कमानीतल्या बारीक हाडाला ताणाची चीर पडते. वेगवान गोलंदाजांनाही हेच होते. या मुलांना मागे वाकल्यावर दुखते, पुढे वाकल्यावर बरे वाटते. चकती दुखावलेल्याचे बहुधा नेमके उलटे असते. आपल्याला काय केल्याने दुखते याची नोंद ठेवणारा रोगी डॉक्टरांचे निम्मे काम सोपे करतो.

दुखापत त्या एका क्षणी झाली असे वाटते. खरे कारण पुष्कळदा आधीच्या महिन्यांत असते. व्यायामाने स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात. स्नायूबंध, अस्थिबंध, हाडे आणि चकत्या यांना त्यासाठी महिने लागतात. चकतीला तर थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. शेजारच्या हाडातून जे झिरपते त्यावर ती जगते. म्हणून ती हळू घडते आणि हळूच भरून येते. मांड्यांना ऐंशी किलो सहज वाटायला लागले की पोरगा शंभर लावतो. मांड्या तयार असतात, कंबर तयार नसते.

पाच सेंटिमीटरचे गणित

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभे राहताना, पाठीवर किती ताण येतो, हे शाळेतल्या तरफेच्या नियमाने काढता येते. कमरेचे लांब स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण पाच-सहा सेंटिमीटर मागे असतात. सोयीसाठी पाच धरू. ओणवे होऊन बार धरला तेव्हा तो कमरेपासून समजा चाळीस सेंटिमीटर पुढे आहे आणि त्यावर शंभर किलो आहेत. तर तो तोलायला स्नायूंना शंभर गुणिले चाळीस भागिले पाच, म्हणजे आठशे किलोइतकी ओढ लावावी लागते. ती सगळी ओढ मणक्यांना एकमेकांवर दाबते. धडाचे स्वतःचे वजन त्यात धरलेलेच नाही.

आता बार नडगीपासून पाच सेंटिमीटर पुढे सरकला, इतकेच. ओढ नऊशे किलो झाली. बारवर एकही प्लेट न वाढवता पाठीवर शंभर किलो वाढले. म्हणूनच जाणते प्रशिक्षक बार नडग्यांना घासून वर आणायला सांगतात. थकलेल्या माणसाचा बार शेवटच्या दोन-तीन रेपमध्ये, म्हणजे आवर्तनांत, नेमका पुढे जातो, कंबर गोल होते आणि श्वास सुटतो. दुखापती तिथेच होतात.

धोक्याची चिन्हे आधी पाठ करा

पाठीच्या बहुतेक दुखण्यांत घाबरण्यासारखे काही नसते. पण काही लक्षणे दिसली तर घरी थांबायचे नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, तर मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. ही तातडीची अवस्था आहे. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते, म्हणून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवे. पाऊल उचलता न येणे, चालताना चवडा जमिनीला घासणे, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणे, दुखण्यासोबत ताप असणे, कारण नसताना वजन घटणे, रात्री पडल्यावरही कमी न होणारी कळ : यांतले काहीही असले तरी तज्ज्ञाला दाखवावे.

या भागातल्या लोकांना त्यासाठी पुण्या-मुंबईला धावावे लागत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे उपचारांचे ठिकाण आहे. कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असताना मात्र कोणाकडूनही झटका देऊन मणका ‘बसवून’ घेऊ नये. नस आधीच दाबलेली असेल तर त्या झटक्याने दाब वाढू शकतो.

पहिले काही दिवस

धोक्याची चिन्हे नाहीत, तर पहिले दोन-तीन दिवस कळ शांत करण्यात घालवावेत. जमिनीवर सतरंजी टाकून उताणे पडावे, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात, गुडघे काटकोनात यावेत. या स्थितीत कमरेचे स्नायू सैल पडतात. दहा-पंधरा मिनिटे पडून उठावे, घरात किंवा अंगणात पाच मिनिटे चालावे, पुन्हा पडावे. उठताना सरळ बसायचे नाही. कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या आधाराने उठायचे. शेकाने बरे वाटत असेल तर शेकावे. औषध डॉक्टरांना विचारून घ्यावे. पित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने तर दुकानातून स्वतःहून गोळी मुळीच घेऊ नये.

‘पंधरा दिवस हलू नको’ हा सल्ला एकेकाळी डॉक्टरही देत. 1986 मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी दोन दिवस आणि सात दिवस अंथरुणावर राहण्याचा सल्ला मिळालेल्या रोग्यांची तुलना केली. सात दिवसवाल्यांना जास्त फायदा झाला नाही. त्यांचे कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. 1995 मध्ये फिनलंडमधल्या अभ्यासात, झेपेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे लोक पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने ताकद घालवतात. शिवाय ‘आपली पाठ मोडली’ ही भीती मनात पक्की बसते, आणि ती पुढे दुखण्याइतकीच नडते.

एमआरआयचीही घाई करू नये. कधीच पाठ न दुखलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी विशीतल्या तिघांपैकी एकाच्या चकतीत झीज दिसते. वय वाढते तसे हे प्रमाण वाढत जाते. म्हणजे अहवालातला प्रत्येक शब्द दुखण्याचे कारण नसतो. धोक्याची चिन्हे असतील, किंवा सहा आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ हटत नसेल, तेव्हा तो उपयोगी पडतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच सायटिकाचे बहुतेक रोगी काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून सुधारतात.

सुधारणा ओळखायची एक चांगली खूण न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी रूढ केली. पोटरीतली कळ मांडीपर्यंत आली, मांडीतली कुल्ल्यापर्यंत आली, म्हणजे ती वर सरकते आहे, तर गाडी बरोबर चालली आहे. कंबर थोडी जास्त दुखली तरी हरकत नाही. कळ उलट खाली उतरू लागली तर जे करत होतो ते थांबवायचे.

चालणे आणि तीन साधे व्यायाम

दुसऱ्या आठवड्यापासून चालणे हेच मुख्य औषध. सपाट रस्त्यावर, हात मोकळे सोडून, जरा झपझप. एकदम तासभर चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या बऱ्या. औंधकरांनी यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या मात्र इतक्यात चढू नयेत, त्या महिनाभराने.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या यंत्रणेवर अनेक वर्षे संशोधन करणारे स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायाम सुचवले आहेत. कंबर न वाकवता पोट, कूस आणि पाठ यांचे स्नायू त्यांनी कामाला लागतात.

पहिला : उताणे पडून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ ठेवायचा, दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली. मग डोके आणि खांदे जमिनीवरून जेमतेम उचलायचे आणि आठ-दहा सेकंद धरायचे. कमरेची पोकळी हातावर दाबली जाता कामा नये.

दुसरा : कुशीवर होऊन कोपर आणि गुडघे यांवर अंग तोलायचे, कंबर उचलून डोके, खांदे आणि मांड्या एका रेषेत आणायच्या. ताकद आल्यावर गुडघ्यांऐवजी पावलांवर.

तिसरा : हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हायचे, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करायचा, मग बाजू बदलायची. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये इतके धड स्थिर हवे.

प्रत्येक वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. त्यापेक्षा आवर्तने वाढवावीत. हे व्यायाम सोपे वाटतात म्हणून पोरे ते सोडतात. पण बारखाली पाठ सरळ ठेवणारे स्नायू हेच आहेत.

सूर्यनमस्कार कधी सुरू करावेत

औंधच्या मुलखात पाठ धरली की कोणीतरी हमखास सांगते, रोज पहाटे बारा नमस्कार घाल, पाठ मोकळी होईल. निरोगी पाठीसाठी हा सल्ला उत्तम आहे. ताज्या दुखापतीसाठी तो घातक ठरू शकतो, आणि त्याचे कारण पहाटेच्या वेळेत आहे.

रात्री पडल्यावर चकत्यांवरचा भार उतरतो आणि त्या पाणी शोषून फुगतात. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात ही उंची सगळ्यात वेगाने कमी होते. फुगलेली चकती वाकवली की तिच्या मागच्या थरांवर दुपारच्या मानाने खूपच जास्त ताण पडतो. उठल्यावर पहिले काही तास कंबर वाकवणे टाळले, एवढ्यानेही अनेक रोग्यांचे दुखणे कमी झाल्याचे अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले आहे. नमस्कारात तळहात पावलांशेजारी टेकताना कंबर पूर्ण वाकते, तेही गुडघे ताठ ठेवून. चकती दुखावलेल्या माणसाने उठल्याउठल्या हे करणे म्हणजे जखम उसवणे.

म्हणून क्रम ठरवून घ्यावा. पहिला महिना नमस्कार नकोत. पुढे फिजिओथेरपिस्टच्या संमतीने, उठून तास-दीड तास झाल्यावर आणि थोडे चालून आल्यावर सुरुवात करावी. पुढे वाकताना हात जमिनीवर नेण्याऐवजी खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत आणि गुडघे सैल सोडावेत. हातापायांवर अंग सरळ तोलायची स्थिती लवकर जमते, ती जरूर करावी. ज्याला मागे वाकल्यावर दुखते त्याने छाती उचलून मागे पाहण्याची स्थिती शेवटी घ्यावी. दोनाने सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी पाठ कशी आहे ते पाहून तीन.

पुन्हा बारकडे

वजन उचलताना पाठ दुखावली म्हणजे वजन कायमचे सुटले, असे नाही. वेटलिफ्टर मीराबाई चानू हिने नोव्हेंबर 2017 मध्ये 194 किलो उचलून जागतिक विजेतेपद मिळवले आणि एप्रिल 2018 मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले. त्यानंतर तिची कंबर धरली. ऑगस्ट 2018 मधल्या आशियाई स्पर्धेतून तिने माघार घेतली. फेब्रुवारी 2019 मध्ये ती परतली तेव्हा तिने थायलंडमध्ये 192 किलो उचलले, म्हणजे आधीच्या आकड्यापेक्षा कमी. 2020 मध्ये ती अमेरिकेत उपचारांसाठी गेली. तिथे स्नायूंमधल्या असमतोलावर काम झाले. 24 जुलै 2021 रोजी टोकियोत तिने 202 किलो उचलून ऑलिंपिक रौप्य मिळवले. मोठी स्पर्धा सोडणे, कमी वजनावर परतणे, दुखण्याचे मूळ शोधणे आणि मग वाढणे, असा हा प्रवास तीन वर्षांचा आहे.

सांगलीला वेटलिफ्टिंग नवे नाही. पानटपरी चालवणाऱ्या घरातला संकेत सरगर 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलोंवर रौप्य जिंकला. सुवर्ण 249 वर गेले. दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो डोक्यावर नेताना त्याच्या उजव्या कोपराला गंभीर दुखापत झाली, तरी तो तिसऱ्या प्रयत्नासाठी पुन्हा उतरला. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर, देशासाठी, डॉक्टर बाजूला उभे असताना एखादा खेळाडू असा निर्णय घेतो. गावातल्या जिममध्ये मंगळवारी संध्याकाळी तो घेण्याचे काहीच कारण नसते.

परतीची पहिली पायरी बारवर नसते. एक काठी घ्यावी, ती पाठीशी उभी धरावी. डोक्याची मागची बाजू, खांद्यांचा मधला भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल करून कुल्ले मागे न्यावेत आणि खुब्यातून पुढे झुकावे. तिन्ही ठिकाणांपैकी एकही सुटले की थांबावे. तिथपर्यंतच आपली हद्द. हे न दुखता जमले, साधे चालणे, बसणे, बूट घालणे बिनत्रासाचे झाले, की मग बार. तोही जमिनीवरून नाही, गुडघ्याच्या उंचीच्या ठोकळ्यांवरून. सुरुवात वीस किलोच्या रिकाम्या बारने. आठवड्यातून दोनदा पुरे.

वजन वाढवायचे की नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवावे. उचलताना थोडे जाणवले पण सकाळी पाठ आधीइतकीच आहे, तर मात्रा बरोबर. सकाळी ताठरपणा वाढला, कळ खाली उतरली, तर मागच्या पायरीवर जावे. पट्टा घट्ट बांधून दुखणे झाकू नये. तो निरोगी माणसाने जड वजनाला वापरायचा असतो. झोप पुरी घ्यावी, आणि बिडी-सिगारेट सोडावी, कारण चकतीकडे जाणारा आधीच तुटपुंजा पुरवठा धुराने आणखी आटतो. साध्या उसणीनंतर महिना-दीड महिन्यात, चकतीच्या दुखापतीनंतर चार ते सहा महिन्यांत पुष्कळ जण जुन्या वजनाजवळ येतात. हाडाला चीर असेल तर मुदत डॉक्टरांनीच ठरवावी.

जिम चालवणाऱ्यांना आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांना एक विनंती आहे. नव्या मुलाला पहिला महिना काठीवर आणि रिकाम्या बारवर घालवू द्या. शेवटच्या रेपला त्याची कंबर गोल झाली की तिथेच सेट थांबवा, आणि पाठ दुखते असे सांगायला आलेल्या मुलाला भित्रा म्हणू नका. भरती पुढच्या वर्षीही असते. बिघडलेल्या पाठीने मैदानी चाचणी देता येत नाही, आणि शेतातले कामही होत नाही.